विजेवरचा वॉटर पंप बसवल्याने इंजिनाचा दम वाढतो का?

प्रश्न : माझ्याकडे १.३ लिटर एमपीएफआय इंजिनाची जुनी मारुती जिप्सी किंग आहे. रोजच्या कामासाठी आणि पावसाळ्यात डोंगरातल्या ऑफ-रोड फेऱ्यांसाठी ती वापरतो. अलीकडे वॉटर पंपाचे बेअरिंग वाजू लागले आहे. नवा पंप घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने मूळ पंपाऐवजी विजेवर चालणारा पंप बसवण्याचा आग्रह केला. इंजिनावरचा भार कमी होऊन आठ-दहा अश्वशक्ती वाढते, पिकअप सुधारतो आणि ॲव्हरेजही वाढते, असे त्यांचे म्हणणे आहे. किंमत मात्र मूळ पंपाच्या कित्येक पट आहे. हा दावा कितपत खरा मानावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या जिप्सीत आठ-दहा अश्वशक्ती वाढणार नाही. जो काही फरक पडेल तो फार तर अर्ध्या अश्वशक्तीचा असेल, आणि तोही इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांजवळ ओढत असतानाच. रोजच्या वेगाला हा फरक नाहीसा होतो, कधीकधी उलटही फिरतो. दुकानदाराचे शब्द बाजूला ठेवून हिशेब आपण स्वतः करून पाहावा, म्हणून तो येथे जरा सविस्तर मांडतो.

गाडीतला नेहमीचा वॉटर पंप हा अपकेंद्री पंप असतो, म्हणजे त्यातले पात्यांचे चक्र पाणी मध्यातून ओढून कडेला फेकते. त्याला क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, पट्टा फिरवतो, त्यामुळे इंजिनाचा वेग वाढला की त्याचाही वाढतो. अशा पंपाचा वेग दुप्पट झाला तर प्रवाह दुप्पट होतो, दाब चौपट होतो आणि त्याला लागणारी शक्ती आठपट होते. हा आठपटीचा नियम लक्षात ठेवावा, कारण या विषयातली बरीचशी गल्लत तो विसरल्यामुळे होते. कमाल वेगाला मोजलेला आकडा दाखवून रोजच्या वापरातल्या बचतीचे आश्वासन दिले जाते, आणि प्रत्यक्षात त्या दोन वेगांत पंपाची भूक आठपटीने किंवा त्याहूनही अधिक बदललेली असते.

आता आकडे घेऊ. सहा हजार फेऱ्यांना पंप मिनिटाला शंभर लिटर पाणी एक बार दाबाने ढकलतो, असे धरले तर पाण्याला मिळणारी शक्ती सुमारे १६७ वॅट होते. अशा साध्या पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली, तर पट्ट्यावरून खेचली जाणारी शक्ती सव्वाचारशे वॅटच्या आसपास जाते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे हा पंप जास्तीत जास्त अर्ध्या अश्वशक्तीहून थोडे अधिक खातो. आपल्या इंजिनाची कमाल शक्ती ८० अश्वशक्ती आहे, तेव्हा प्रश्न एक टक्क्याच्याही आतला आहे. पंप थोडा मोठा किंवा अधिक अकार्यक्षम धरला, तरी आकडा दीड-दोन पट होईल, दहा अश्वशक्तीपर्यंत कधीच पोहोचणार नाही. शिवाय डायनोवर, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन चाचण्यांत हवेच्या आणि तेलाच्या तापमानामुळे एखाद्या टक्क्याचा फरक सहज पडतो, त्यामुळे डायनोचा कागद दाखवून केलेला दावाही येथे फारसा कामाचा नाही.

हाच पंप तीन हजार फेऱ्यांना पाहू. वेग निम्मा, म्हणून शक्ती एक-अष्टमांश, म्हणजे जेमतेम पन्नास वॅट. त्याच्या जागी मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आतबाहेर क्षमतेचा विजेवरचा पंप बसवला, तर तो पूर्ण वेगाने चालताना साधारण दहा अँपिअर घेतो. तेरा व्होल्टला हे १३० वॅट झाले. ही वीज फुकट येत नाही, ती त्याच फॅन बेल्टवर फिरणाऱ्या अल्टरनेटरमधून येते. साध्या अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून १३० वॅट विजेसाठी इंजिनाला सव्वादोनशे वॅटच्या जवळपास शक्ती द्यावी लागते. म्हणजे ज्या वेगाला आपली गाडी दिवसभर चालते, त्या वेगाला पूर्ण जोमाने फिरणारा विजेचा पंप मूळ पंपाच्या चौपट ओढतो. सोबतचा कंट्रोलर त्याला हळू चालवत असेल तरच तोटा भरून निघतो, आणि मग हाती उरते ती काही वॅटची बचत. ताशी सत्तर किलोमीटरने जाताना जिप्सीसारख्या चौकोनी गाडीला दहा किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते. त्यातले पंचवीस-तीस वॅट वाचले तर ॲव्हरेजमध्ये ते शोधूनही सापडणार नाहीत. टायरमधली हवा दोन-तीन पीएसआयने कमी असली तरी यापेक्षा जास्त पेट्रोल जाते.

मग दहा अश्वशक्तीचा आकडा येतो कुठून? तो बहुतांशी अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांच्या शर्यतीच्या गाड्यांवरून आलेला आहे. पाच-साडेपाच लिटरची ती इंजिने, त्यांचे अवजड पंप, आणि मुख्य म्हणजे त्या पंपाच्या शाफ्टवरच बसवलेला भलामोठा पंखा. विजेचा पंप लावताना तो पंखाही जातो आणि बचतीचा मोठा वाटा त्या पंख्याचा असतो. श्रेय मात्र पंपाच्या नावावर जमा होते. ड्रॅग शर्यतीत तर अल्टरनेटरही बंद ठेवतात किंवा काढूनच टाकतात. पंप बॅटरीवर चालतो, पाव मैल म्हणजे ४०२ मीटरची धाव काही सेकंदांत संपते, आणि मग इंजिन बंद ठेवून पंप आणि पंखा चालू ठेवला की पुढच्या धावेपर्यंत गाडी थंड होते. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींसारख्या ठिकाणी हे सगळे उपयोगाचे आहे, कारण तेथे वीज आधी साठवलेली असते आणि धाव संपल्यावर ती पुन्हा भरता येते. सातारा-महाबळेश्वर रस्त्यावर ती सवलत मिळत नाही.

पंख्याचा मुद्दा आपल्या गाडीला थेट लागू आहे. जिप्सीतही पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवर असतो आणि मध्ये सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. हवा थंड असताना हा क्लच घसरतो आणि पंखा सैल फिरतो. रेडिएटरमागची हवा तापली की तो पकडतो. पंपाचे बेअरिंग वाजते आहे, तेव्हा त्याच वेळी हा क्लच तपासून घ्यावा. इंजिन पूर्ण बंद करून, किल्ली काढून घेऊन, पंख्याचे पाते हाताने फिरवावे. मधात चमचा फिरवताना जाणवतो तसा सलग, मऊ विरोध जाणवला पाहिजे. पंखा पुलीला घट्ट चिकटल्यासारखा असेल, तर क्लच जॅम झालेला आहे; असा पंखा हमरस्त्यावर सतत इंजिनाच्या वेगाने फिरतो, मोठा आवाज करतो आणि वॉटर पंपापेक्षा कितीतरी जास्त शक्ती खातो. उलट, एका झटक्यात तो दोन-चार वेढे सुटा फिरला, तर तेल गळून गेले आहे आणि वाहतूक कोंडीत गाडी गरम होण्याचे कारण तेथेच आहे. क्लचच्या मध्यभागी धूळ धरलेला तेलकट डाग दिसला तरी हेच समजावे. विजेचा पंप लावल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटली, असे जे जिप्सीवाले सांगतात, त्यांच्यापैकी अनेकांची सुटका प्रत्यक्षात जॅम झालेल्या पंख्यातून झालेली असावी, असे माझे मत आहे. नवा क्लच बसवून तेच काम कमी खर्चात होते.

याचा अर्थ विजेचा पंप हे थोतांड आहे असा मुळीच नाही. पाण्याचा प्रवाह इंजिनाच्या वेगापासून सुटा करता येणे, हा त्याचा खरा गुण आहे. पट्ट्यावरचा पंप इंजिन तापलेले असो की थंड, वेग सांगेल तेवढे पाणी फिरवतो. विजेचा पंप गरजेप्रमाणे फिरवता येतो. सकाळी इंजिन सुरू केल्यावर प्रवाह रोखून धरला, तर धातू आणि तेल लवकर तापते, घर्षण कमी होते आणि जादा पेट्रोल ओतण्याचा काळ आखूड होतो. इंजिन बंद केल्यावरही पाणी फिरवत ठेवता येते, ज्याचा टर्बोच्या बेअरिंगला मोठा आधार मिळतो; म्हणूनच अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत मुख्य पंप पट्ट्यावर ठेवूनही एक छोटा विजेचा पंप वेगळा दिलेला असतो. बीएमडब्ल्यूने २००४-०५ च्या सुमारास आपल्या एन५२ या सहा सिलिंडरच्या इंजिनात मुख्य पंपच विजेचा केला. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्या पंपाची गरज २०० वॅटची होती, तर तेवढ्याच कामाच्या यांत्रिक पंपाची कमाल गरज दोन किलोवॅटपर्यंत जात होती. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये तर इंजिनाच्या पुढचा पट्टाच काढून टाकला गेला. परंतु या दोन्ही ठिकाणी पंप, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापेपर्यंत ते रेडिएटरकडे न सोडणारी झडप), पंखा, इंधन आणि ठिणगीची वेळ यांचा कारभार एकच संगणक पाहतो. बीएमडब्ल्यूचे ते इंजिन हलक्या भाराला पाणी ११० अंशांच्या आसपास ठेवते आणि जोराची मागणी आली की ते झपाट्याने खाली आणते. बचतीचा मोठा भाग या शहाणपणात आहे. ते बाजारातल्या पेटीत मिळत नाही.

शीतकरणाच्या दृष्टीने पंप पुरेल का, हेही तपासून पाहू. पूर्ण शक्तीला आपले इंजिन पाण्यात सुमारे ४५ किलोवॅट उष्णता टाकेल असे धरू. कुलंट मिसळलेले पाणी मिनिटाला ८० लिटर फिरले, तर इंजिनातून जाताना त्याचे तापमान नऊएक अंशांनी वाढेल, जे अगदी ठीक आहे. मात्र पेटीवर छापलेला प्रवाह हा पुढे जवळजवळ अडथळा नसताना मोजलेला असतो. इंजिन, रेडिएटर आणि होज (रबरी नळ्या) यांतून ढकलताना तो बराच उतरतो. त्यामुळे पंप निवडायचाच असेल तर छापील आकड्यावर पुष्कळ सूट ठेवून निवडावा. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चढ्या वेगाने फिरत असते, तेव्हा पट्ट्यावरचा पंप उलट भरपूर पाणी देत असतो. तेथे गाडी तापते ती रेडिएटरमधून हवा कमी जाते म्हणून. आणि आयडलला प्रवाह कमी असला तरी उष्णताही थोडीच तयार होते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पहिल्या अडीच हजारांच्या आसपास गाड्या सोडल्या तर पंपच नव्हता. गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली, एवढ्या बळावर वीस अश्वशक्तीचे ते इंजिन चालत असे.

एक धोका सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. यांत्रिक पंप बिघडण्याआधी सूचना देतो. बेअरिंग वाजते, खालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकते, पट्टा तुटलाच तर बॅटरीचा लाल दिवा लागतो. आपल्या पंपाने आत्ता तेच केले आहे. विजेचा पंप फ्यूज, रिले, कनेक्टर किंवा कंट्रोलर यांपैकी कशानेही थांबतो आणि थांबताना आवाजही करत नाही. पाणी फिरायचे थांबले की सिलिंडर हेडमध्ये वाफ धरते. तापमानाचा सेन्सर वाफेत किंवा कोरड्या जागेत सापडला, तर काटा वर जाण्याऐवजी खालीही येतो, आणि चालकाला गाडी थंड आहे असे वाटत असताना हेड वाकते. ऑफ-रोडला आपण गाडी पाण्यातून आणि चिखलातून नेता. इंजिनाच्या तळाशी, खालच्या होजमध्ये बसवलेल्या मोटरच्या वायरिंगचे तेथे काय हाल होतील, याचा विचार अवश्य करावा.

माझा सल्ला स्पष्ट आहे. चांगल्या प्रतीचा मूळ नमुन्याचा पंप, नवा पट्टा, गरज असल्यास पंख्याचा क्लच आणि ताजे कुलंट, एवढे करावे. पट्टा ताणताना अतिरेक करू नये, कारण जादा ताणामुळे नव्या पंपाचे बेअरिंगही लवकर जाते.

प्रश्न : १९९८ ते २००३ या काळातली जुनी होंडा सिटी १.५ मी ट्रॅकवर नेण्यासाठी तयार करत आहे. तिचा वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. विजेचा पंप लावला तर मूळ पंप काढूनच टाकता येईल का?
— एक वाचक, फोंडा (गोवा)

उत्तर : नाही. या इंजिनात टायमिंग बेल्ट पंपाच्या चाकावरून वळून जातो, म्हणजे पंप पाणीही फिरवतो आणि पट्ट्याचा मार्गही सांभाळतो. तो काढला तर पट्टा नीट बसणारच नाही. विजेचा पंप लावणारे म्हणून आतले पात्यांचे चक्र तेवढे काढतात आणि पंपाचे शरीर, बेअरिंग आणि चाक जागेवर ठेवतात. परंतु मग बेअरिंग आणि सील या झिजणाऱ्या वस्तू तशाच राहतात, आणि बेअरिंग जॅम झाले की पट्टा घसरून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याची भीतीही तशीच राहते. त्यात विजेच्या पंपाची नवी भीती मिळवली जाते. म्हणजे बिघडण्याची ठिकाणे एकाची दोन होतात.

ट्रॅकवर एक गोष्ट विजेच्या पंपाच्या बाजूने आहे, ती मान्य केली पाहिजे. इंजिन दीर्घकाळ कमाल वेगाजवळ राहिले तर यांत्रिक पंपाच्या पात्यांमागे दाब इतका घटतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात, प्रवाह वाढेनासा होतो आणि पाती झिजू लागतात. ठरावीक वेगाने फिरणाऱ्या पंपाला हा त्रास नाही. मात्र मूळ कंपनीने पंप आपल्या लाल रेषेपर्यंतचा, म्हणजे इंजिनाच्या कमाल सुरक्षित वेगापर्यंतचा, विचार करूनच दिलेला असतो. आपण ती रेषा ओलांडणार नसाल, तर तेच पैसे चांगल्या रेडिएटरवर, ऑइल कूलरवर आणि ब्रेकवर घालावेत. लॅपच्या वेळेत फरक त्यांनी पडेल. टायमिंग बेल्ट बदलताना पंप आणि टेन्शनरही त्याच वेळी बदलावेत, कारण सगळी मजुरी तिथवर पोहोचण्याचीच असते.

प्रश्न : माझी मारुती ओम्नी गरम होत होती म्हणून मेस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता हिवाळ्यात काटा वरच येत नाही आणि उन्हाळ्यात चढावर गाडी पूर्वीइतकीच तापते. पाणी इतक्या वेगाने फिरते की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही, तेव्हा विजेचा पंप लावून ते हळू फिरवू, असे तो म्हणतो. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : पाणी हळू फिरवल्याने रेडिएटर जास्त उष्णता बाहेर टाकतो, हा समज गॅरेजमध्ये फार रुळलेला आहे, पण तो चुकीचा आहे. पाण्याचा एखादा थेंब रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबला तर तो जास्त थंड होऊन बाहेर येतो, हे खरे. मात्र तोच थेंब मग इंजिनातही जास्त वेळ थांबतो आणि जास्त तापतो. प्रवाह वाढला की रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टोकांतला फरक कमी होतो, संपूर्ण जाळी सरासरीने अधिक गरम राहते आणि हवेत जाणारी एकूण उष्णता वाढते. एका मर्यादेनंतर ही वाढ मंदावते, पण उलट फिरत नाही.

मग थर्मोस्टॅट काढल्यावर काही गाड्या तापतात, त्याची कारणे वेगळी आहेत. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते. दुसरे कारण दाबाचे आहे. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे पंप सिलिंडर हेडमधल्या पाण्यावर थोडा जादा दाब धरून ठेवतो. तो दाब गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास पाणी आतल्या आत उकळू लागते. हिवाळ्यात काटा वर येत नाही, म्हणजे इंजिन थंडच चालते आहे. त्यात पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडरची झीज वाढते.

विजेचा पंप येथे काहीच सुधारणार नाही. मूळ आजार माझ्या अंदाजाने रेडिएटरमध्ये आहे. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी भरत गेले तर नळ्यांच्या आत पांढरा थर बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना टोपण उघडून आत टॉर्च मारावी. नळ्यांच्या तोंडाशी पांढुरकी किंवा तांबूस खरपुडी दिसली तर रेडिएटर खोलून साफ करावा किंवा बदलावा. टोपणाचा रबर आणि स्प्रिंगही पाहावी. साधारण ०.९ बारचे टोपण नीट दाब धरत असेल तर साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. टोपण सैल असेल तर ते शंभराला उकळून बाहेर पडते. विजेचा पंखा वेळेवर लागतो का, हे गाडी उभी ठेवून, काट्यावर लक्ष ठेवून पाहावे.

थर्मोस्टॅट नवा बसवावा, आणि बसवण्याआधी घरीच तपासावा. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोरीने असा टांगावा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी सावकाश तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या, म्हणजे बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. त्यानंतर कुलंट डिस्टिल्ड पाण्यात, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळून भरावे आणि हवा पूर्ण निघेपर्यंत इंजिन आयडलला चालवून पातळी पुन्हा पाहावी.